रेडियल, डिस्टल रेडियल की अल्नर: मनगटातली कोणती वाट कोणासाठी

हृदयाच्या अँजिओग्राफी-अँजिओप्लास्टीसाठी मनगटातून धमनीत शिरतात, त्याबद्दलचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मनगटावर अंगठ्याच्या बाजूच्या नेहमीच्या रेडियल पंक्चरवर हात बसला आहे, आता डिस्टल रेडियल (तीच धमनी, पण पुढे हाताच्या पाठीवर) शिकून सगळ्याच पेशंटना तिथूनच करावं का? करंगळीच्या बाजूच्या अल्नर धमनीकडे कधी वळावं? आणि डावा हात की उजवा, यानं खरंच फरक पडतो का?

आधी माझं मत सांगतो, मग कारणं. मनगटावरची नेहमीची रेडियल हीच आजही पहिली पसंती असावी. डिस्टल रेडियल जरूर शिकावी, पण निवडक पेशंटसाठी आणि सोनोग्राफीचा प्रोब हाताशी ठेवून. अल्नर ही राखीव वाट. पण धमनी पुढच्या वेळेसाठी शाबूत राहते की बंद पडते, हे पंक्चरच्या जागेपेक्षा तीन गोष्टींवर जास्त ठरतं: शीथची (धमनीत ठेवायच्या नळीची) जाडी, हेपरिनचा (रक्त न गोठू देणाऱ्या औषधाचा) डोस आणि शेवटी रक्त थांबवायचा बँड कसा बांधला. या तिन्हींत ढिलाई असेल तर जागा बदलून फारसं काही हाती लागत नाही.

मांडीऐवजी मनगट का, हा वाद आता मिटलेला आहे. माँट्रियलच्या ल्युसियाँ कांपो यांनी १९८९ मध्ये रेडियलमधून केलेल्या १०० अँजिओग्राफी प्रसिद्ध केल्या, आणि १९९२ मध्ये ॲम्स्टरडॅममध्ये फर्डिनांड कीमेनेय यांनी याच वाटेनं अँजिओप्लास्टी सुरू केली. रायव्हल चाचणीत (२०११, ७०२१ पेशंट) धमनीशी संबंधित मोठी गुंतागुंत रेडियलमध्ये १.४ टक्के, तर फीमोरलमध्ये (मांडीच्या धमनीत) ३.७ टक्के होती. मॅट्रिक्समध्ये (२०१५, ८४०४ पेशंट) ३० दिवसांतले मृत्यू १.६ विरुद्ध २.२ टक्के होते. ॲक्यूट कोरोनरी सिंड्रोममध्ये (हार्ट ॲटॅक किंवा त्याच्या उंबरठ्यावर) रेडियल आधी, ही युरोप आणि अमेरिका दोन्हीकडच्या मार्गदर्शक तत्त्वांची ठाम शिफारस आहे. खरा प्रश्न आता मनगटाच्या आतला आहे.

नेहमीच्या रेडियलपासून सुरू करू, कारण तिथल्याच चुका पुढे सगळीकडे भोवतात. पंक्चरची जागा रेडियल स्टायलॉइडच्या (मनगटाजवळ अंगठ्याच्या बाजूच्या हाडाच्या टोकाच्या) २ ते ३ सेंटिमीटर वर, कोपराच्या दिशेनं. त्याच्याही खाली, मनगटाच्या घडीजवळ गेलात तर रेटिनॅक्युलमचा चिवट पडदा लागतो, शीथ अडते आणि धमनीला तिथंच फाटे फुटलेले असतात. फार वर गेलात तर धमनी स्नायूंमध्ये खोल जाते, मागे हाडाचा आधार राहत नाही आणि बँड नीट दाब देत नाही. हाताखाली गुंडाळी ठेवून मनगट थोडं मागे वाकवावं. फार ताणलं तर पल्सच दबते. बधिर करायला लिग्नोकेन १ ते २ मिलिलीटर पुरे, तेही अगदी कातडीखाली. ५ मिलिलीटरचा फुगा केला की पल्स हाताला लागत नाही आणि पहिलाच प्रयत्न वाया जातो. इथे पहिल्या प्रयत्नाला फार किंमत आहे, कारण प्रत्येक चुकलेल्या टोचणीगणिक स्पाझमची (धमनी आखडण्याची) शक्यता वाढते.

सुई घालायच्या दोन पद्धती आहेत. एकीत २१ गेजची उघडी सुई ३० ते ४५ अंशांत घालून फक्त पुढची भिंत छेदायची. दुसरीत २० गेजची आयव्ही कॅन्युला घालायची. हबमध्ये (तिच्या मागच्या टोकात) रक्त दिसलं की ती पुढे ढकलून मागची भिंतही पार करायची, आतली सुई काढायची आणि प्लॅस्टिकची नळी हळूहळू मागे घ्यायची. रक्ताची धार उसळू लागली की वायर सरकवायची, तिच्यावरूनच पुढे शीथ जाते. मागची भिंत छेदली म्हणजे रक्त साकळणार, ही भीती अनेकांना असते. पण २०१२ मध्ये पँचोली आणि सहकाऱ्यांनी दोन्ही पद्धती समोरासमोर तपासल्या, तेव्हा हिमॅटोमा आणि धमनी बंद पडणं यांत फरक दिसला नाही, आणि दोन्ही भिंतींची पद्धत जलद ठरली. शिकणाऱ्यानं तिच्यापासून सुरुवात करावी, कारण उघड्या सुईचं टोक अर्धं भिंतीत असताना वायर सरकवली तर ती भिंतीच्या थरांत शिरते. वायर अडली तर जोर लावायचा नाही. सुई किंचित फिरवा, एखादा मिलिमीटर मागे-पुढे करा. तरी जात नसेल तर फ्लुरोस्कोपीत (चालत्या एक्स-रेत) बघा. बहुतेक वेळा ती छोट्या फांदीत शिरलेली असते.

शीथ आत गेल्यावर धमनी सैल करायला नायट्रोग्लिसरीन १०० ते २०० मायक्रोग्रॅम, आणि रक्तदाब व पंपिंग चांगलं असेल तर व्हेरापामिल २.५ मिलिग्रॅम, काही कॅथलॅबमध्ये त्याऐवजी डिल्टियाझेम देतात. सिरिंजमध्ये पेशंटचंच रक्त ओढून औषध पातळ करून सावकाश द्यावं, नाहीतर हातात आग होते आणि त्या वेदनेनंच स्पाझम येतो. हृदयाचं पंपिंग फार कमी असेल, नाडी मंद असेल किंवा पेशंट शॉकमध्ये असेल तर व्हेरापामिल टाळा.

हेपरिनमध्ये काटकसर नको. नुसत्या अँजिओग्राफीलाही किलोमागे ५० युनिट, साधारण ५००० युनिट, हा किमान डोस. स्पिरिट ऑफ आर्टेमिस चाचणीत (२०१८) किलोमागे १०० युनिट दिलेल्या गटात धमनी बंद पडण्याचं प्रमाण ३ टक्के होतं, तर ५० युनिटच्या गटात ८.१ टक्के. हेपरिन शिरेतून द्या की शीथमधून, परिणाम सारखाच, कारण ते सगळ्या शरीरात काम करतं. फक्त वायर वर महाधमनीत पोचल्यावर द्यावं, म्हणजे ऐनवेळी मांडीकडे जायची वेळ आली तर हेपरिन चढलेल्या पेशंटची फीमोरल टोचावी लागत नाही.

आता शीथची जाडी. साध्या ६ फ्रेंच (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) शीथचा बाहेरचा व्यास सुमारे २.६ मिलिमीटर, पातळ भिंतीच्या ग्लाइडशीथ स्लेंडरचा २.४६. दिसायला फरक किरकोळ आहे, पण बारीक चणीच्या बाईची रेडियल २ मिलिमीटरच्या आसपास भरते तेव्हा हाच फरक महत्त्वाचा ठरतो. शिगेरू साइतो यांनी १९९९ मध्ये दाखवलं की शीथ धमनीपेक्षा जाड असेल तर पुढे प्रवाह गंभीरपणे कमी होण्याचं प्रमाण १३ टक्के असतं, शीथ धमनीत सहज मावत असेल तर ४ टक्के. म्हणून अँजिओग्राफी ५ फ्रेंचनं करावी आणि अँजिओप्लास्टी ठरली तरच ६ फ्रेंच घालावी. शीथवर हायड्रोफिलिक लेप असलाच पाहिजे: राठोर आणि सहकाऱ्यांच्या २०१० च्या अभ्यासात लेप असलेल्या शीथमध्ये स्पाझम १९ टक्के होता, बिनलेपाच्या शीथमध्ये जवळपास ४० टक्के. शीथच्या लांबीनं फरक पडला नाही.

डिस्टल रेडियल म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी, हाताच्या पाठीवर जो खळगा पडतो तिथली धमनी. खळग्याच्या दोन कडांना अंगठ्याच्या कंडरा (टेंडन) आणि तळाशी स्कॅफॉइड व ट्रॅपेझियम ही हाडं. कीमेनेय यांनीच २०१७ मध्ये डाव्या हाताच्या ७० पेशंटची मालिका प्रसिद्ध केली आणि तिथून ही पद्धत पसरली. त्याआधी मॉस्कोचे बाबुनाश्विली याच जागेतून बंद पडलेली रेडियल उलट्या दिशेनं उघडत होते.

या जागेचा फायदा रचनेतच आहे. तळहाताकडे जाणारी वरवरची फांदी खळग्याच्या आधीच फुटते. खळग्यात बँड बांधला, किंवा तिथली धमनी बंदच पडली, तरी या फांदीतून रक्त वाहत राहतं. मनगटावरच्या रेडियलमध्ये ते थांबून राहत नाही, म्हणून तिथे गुठळी धरत नाही. दुसरा फायदा ऑपरेटरचा. डावा हात पेशंटच्या पोटावरून उजव्या मांडीकडे आणून ठेवता येतो, मनगट पालथं किंवा आडवं राहतं आणि टेबलावर ओणवं होऊन कंबर धरायची वेळ येत नाही. पेशंटलाही तळहात वर करून ताटकळत पडावं लागत नाही. खांदा आखडलेल्या वयस्कर पेशंटला हे फार सोयीचं असतं.

तंत्र मात्र वेगळं आहे. पेशंटला अंगठा आत घालून मूठ वळायला सांगा, म्हणजे धमनी वर येते. लिग्नोकेन २ ते ३ मिलिलीटर. सुई अंगठ्याच्या बाजूनं आतल्या दिशेनं ३० ते ४५ अंशांत घाला आणि फक्त पुढची भिंत छेदा. इथे आरपार जाऊ नका, मागे लगेच हाड आहे. हाडाच्या आवरणाला सुई लागली की पेशंट कळवळतो, हात हलतो आणि लगोलग स्पाझम येतो. खळग्यावरून रेडियल नर्व्हच्या वरवरच्या फांद्या आणि सेफॅलिक शीर जाते. आंधळेपणानं पुन्हा पुन्हा टोचल्यास अंगठ्याच्या पाठीला काही आठवडे बधिरपणा राहू शकतो. वायर पुढे जाताना मनगटाशी धमनीला वळण असतं, तिथे ती छोट्या फांदीत शिरते किंवा अडते. हाताची मूठ सोडवून मनगट सरळ करा आणि वायर हलकेच फिरवत पुढे न्या. शीथ घालतानाही मनगट सरळच हवं, नाहीतर वळणावर शीथ मुडपते आणि कॅथेटर (हृदयापर्यंत जाणारी नळी) फिरवताना टॉर्क (पीळ) मिळत नाही. उंच पेशंटमध्ये आणखी एक अडचण येते: पंक्चर ४-५ सेंटिमीटर पुढे सरकल्यामुळे १०० सेंटिमीटरचा गाइड कॅथेटर (अँजिओप्लास्टीची साधनं नेणारा) तोकडा पडू शकतो.

पुरावा काय सांगतो? डिस्को रेडियल चाचणीत (२०२२, १३०७ पेशंट) डिस्चार्जच्या वेळी मनगटावरची धमनी बंद असण्याचं प्रमाण डिस्टलमध्ये ०.३१ टक्के आणि नेहमीच्या रेडियलमध्ये ०.९१ टक्के होतं. हा फरक संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. त्याच वेळी जागा बदलावी लागण्याचं प्रमाण डिस्टलमध्ये ७.४ टक्के होतं, नेहमीच्या रेडियलमध्ये ३.५. स्पाझम ५.४ विरुद्ध २.७ टक्के. रक्त थांबायचा वेळ मात्र डिस्टलमध्ये कमी, १५३ मिनिटं विरुद्ध १८०. अँजी चाचणीत (१०४२ पेशंट) चित्र वेगळं दिसलं: ६० दिवसांनी धमनी बंद असण्याचं प्रमाण डिस्टलमध्ये ३.७ टक्के आणि नेहमीच्या रेडियलमध्ये ७.९ टक्के. पण जागा बदलण्याचं प्रमाण डिस्टलमध्ये तब्बल २१.८ टक्के होतं, दुसरीकडे ५.५. दोन्ही चाचण्यांत तपासणीची वेळ वेगळी होती, हे लक्षात ठेवूनही नेहमीच्या रेडियलचे आकडे शेजारी ठेवून बघा: एकीकडे ०.९१, दुसरीकडे ७.९. डिस्को रेडियलमध्ये दोन्ही गटांना पातळ शीथ, पुरेसं हेपरिन आणि काटेकोर बँडची शिस्त होती. म्हणजे तुमच्याकडे बँडची शिस्त उत्तम असेल तर डिस्टलनं मिळणारा जादा फायदा थोडासाच. शिस्त ढिली असेल तर डिस्टल तुम्हाला वाचवेल, पण आधी शिस्त सुधारणं स्वस्त आणि सोपं आहे.

म्हणून एसटीईएमआयमध्ये (हृदयाची धमनी बंद पडून येणाऱ्या हार्ट ॲटॅकमध्ये), जिथे प्रत्येक मिनिट स्नायू वाचवतं, तिथे हात पूर्ण बसेपर्यंत डिस्टलच्या मागे लागू नका. शॉकमध्ये पल्स क्षीण असते, तेव्हा तर नाहीच. शिकायला सुरुवात करताना ठरवून केलेल्या अँजिओग्राफीचे, चांगली पल्स असलेले पेशंट निवडा आणि दोन-तीन प्रयत्नांत जमलं नाही तर त्याच हाताच्या मनगटावर या.

सोनोग्राफीचा आग्रह मी दोन्ही जागांसाठी धरतो. रॉस्ट चाचणीत (६९८ पेशंट) प्रोब वापरल्यावर सरासरी प्रयत्न ३.०५ वरून १.६५ वर आले आणि पहिल्याच टोचणीत यश ४४ वरून ६५ टक्क्यांवर गेलं, तेही नेहमीच्या रेडियलमध्ये. डिस्टलची धमनी त्याहून बारीक, त्यामुळे तिथे प्रोबचा उपयोग आणखी जास्त. प्रोब लावून आधी व्यास मोजा. २ मिलिमीटरच्या खाली असेल तर ६ फ्रेंच तिथे घालू नका.

अल्नरबद्दल थोडक्यात. ती खोल असते, मागे हाडाचा सपाट आधार नसतो आणि करंगळीकडच्या बाजूला लागूनच अल्नर नर्व्ह असते, म्हणून सुई अंगठ्याच्या बाजूनं घालावी. ऑरा ऑफ आर्टेमिसमध्ये अल्नर ही पहिली जागा म्हणून तपासली तेव्हा ३२.२ टक्के पेशंटमध्ये जागा बदलावी लागली, रेडियलमध्ये ५.९ टक्के. अजमेरच्या जवाहरलाल नेहरू मेडिकल कॉलेजमधल्या अजुलर चाचणीत मात्र अनुभवी हातांत अल्नर रेडियलच्या तोडीची ठरली. यातून निघतं ते एवढंच की अल्नर करणाऱ्यानं ती नेमानं केली पाहिजे. एक नियम कडकपणे पाळा: रेडियलवर खूप टोचून झालं असेल किंवा तिथे शीथ घालून काढली असेल, तर त्याच हाताची अल्नर त्याच बैठकीत घेऊ नका. दोन्ही धमन्या एकाच वेळी दुखावल्या तर तळहात धोक्यात येतो. दुसऱ्या हाताकडे जा. ॲलन टेस्ट (अल्नरमधून हाताला पुरेसं रक्त येतं का, हे बघायची तपासणी) बिघडलेली दिसली म्हणून रेडियल नाकारायची गरज मात्र नाही. २०१४ च्या रडार अभ्यासात अशा पेशंटच्या हातालाही इजा झाल्याचं दिसलं नाही.

डावा की उजवा? सत्तरीपुढच्या, ठेंगण्या, जुना रक्तदाब असलेल्या पेशंटमध्ये उजवी सबक्लेव्हियन (खांद्याकडची धमनी) नागमोडी असते. तिथे डावा हात सोपा. कॅथेटरची वाट फीमोरलसारखीच सरळ उतरते. टॅलेंट चाचणीत डाव्या बाजूनं फ्लुरोस्कोपीचा वेळ कमी लागला होता. लिमा ग्राफ्ट (छातीतल्या डाव्या धमनीचा बायपास) बघायचा असेल तर डावाच. उजवीकडे अडकलात तर पेशंटला खोल श्वास घेऊन रोखायला सांगा, वळण थोडं सरळ होतं. डाव्या मुख्य धमनीसाठी उजवीकडून जडकिन्स लेफ्ट कॅथेटर ४ ऐवजी ३.५ मापाचा बसतो. हातातल्याच धमनीच्या लूपमध्ये (वेटोळ्यात) किंवा अरुंद रेडियलमध्ये गाइड अडला तर अहमदाबादच्या तेजस पटेल आणि सहकाऱ्यांनी मांडलेली बलूनची युक्ती लक्षात ठेवा: ०.०१४ इंचाच्या वायरवर, ६ फ्रेंचसाठी २ मिलिमीटरचा आणि ५ फ्रेंचसाठी १.५ मिलिमीटरचा बलून अर्धा गाइडच्या बाहेर काढून ३ ते ६ ॲटमॉस्फिअरला फुगवायचा आणि दोन्ही एकत्र सरकवायचे. गाइडची धारदार कड भिंतीला खरवडत नाही.

आता बँडकडे येऊ. माझ्या मते धमनीचं भवितव्य इथेच ठरतं, आणि बऱ्याच ठिकाणी हेच काम सगळ्यात नवख्या माणसावर सोपवलेलं असतं. शीथ २-३ सेंटिमीटर बाहेर काढा. टीआर बँडची (हवा भरून दाब देणाऱ्या पट्ट्याची) हिरवी खूण कातडीवरच्या छिद्राच्या किंचित वर ठेवा, कारण धमनीतलं छिद्र कातडीतल्या छिद्रापेक्षा थोडं कोपराच्या बाजूला असतं. १५ मिलिलीटर हवा भरा, कमाल १८. शीथ काढा. मग हवा हळूहळू सोडत राहा, रक्ताचा थेंब दिसेपर्यंत. तो दिसला की १ ते २ मिलिलीटर परत भरा, तेवढंच. आता अंगठ्याला पल्स ऑक्सिमीटर लावा आणि मनगटावर अल्नर दाबून धरा. लाट दिसत राहिली तर रेडियल वाहती आहे. लाट सपाट झाली तर हवा आणखी काढा. प्रॉफेट चाचणीत (२००८) फक्त एवढ्या काळजीनं २४ तासांतलं धमनी बंद पडण्याचं प्रमाण १२ वरून ५ टक्क्यांवर आलं. प्रॉफेट-२ मध्ये बँड असतानाच अल्नरवर गॉझची घट्ट गुंडाळी दाबून रेडियलचा प्रवाह वाढवला, तेव्हा ३० दिवसांनी प्रमाण ३ वरून ०.९ टक्क्यांवर आलं. ३००० पेशंटची ही चाचणी होती आणि खर्च गॉझएवढाच. अँजिओग्राफीनंतर साधारण तासाभरानं, अँजिओप्लास्टीनंतर दोन तासांनी, दर १५ मिनिटांनी ३ मिलिलीटर हवा काढत बँड उतरवा. बँड घट्ट करून रात्रभर ठेवणं ही धमनी बंद पाडण्याची हमखास पद्धत आहे.

कोणत्या पेशंटमध्ये नेहमीचा क्रम मोडायचा? डायलिसिसवर असलेल्या किंवा त्या वाटेवर असलेल्या किडनीच्या पेशंटमध्ये फिस्टुलासाठी (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडण्यासाठी) मनगटाच्या धमन्या राखून ठेवाव्या लागतात. ज्या हातात फिस्टुला होणार आहे तो हात वगळा, आणि नेफ्रोलॉजिस्टशी बोलूनच ठरवा. बायपासमध्ये रेडियल ग्राफ्ट म्हणून घ्यायची शक्यता असेल तर ती टोचू नका, शीथनं तिचा आतला थर दुखावतो. वारंवार तपासण्या लागणारे, तरुण आणि डाव्या हातातून करायचे पेशंट डिस्टलसाठी उत्तम.

स्पाझममध्ये कॅथेटर घट्ट धरला गेला तर ओढू नका. ओढल्यानं धमनी मुळापासून उचकटू शकते. नायट्रोग्लिसरीन २०० मायक्रोग्रॅम, शांत करायला मिडाझोलॅम १-२ मिलिग्रॅम, वेदनेला फेंटानिल २५ ते ५० मायक्रोग्रॅम, हाताला ऊब, आणि दहा-पंधरा मिनिटं थांबण्याची तयारी. हातातल्या धमनीला छिद्र पडलं असेल तर मात्र घाईनं कॅथेटर काढून मांडीकडे पळू नका; वायर जाग्यावर असेल तर त्यावरून कॅथेटर पुढे नेऊन काम पूर्ण करा. कॅथेटरच छिद्र आतून दाबून धरतो आणि काम संपेपर्यंत ते बहुधा मिटतं. बाहेरून सैलसर इलॅस्टिक बँडेज बांधा. सूज कोपरापर्यंत येतेय असं दिसलं तर रक्तदाबाचा पट्टा सिस्टोलिकच्या (रक्तदाबाच्या वरच्या आकड्याच्या) थोडं खाली फुगवून १५ मिनिटं ठेवा, मग सोडून बघा, आणि बोटांची संवेदना व रंग तपासत राहा. बोटं ताणल्यावर असह्य दुखू लागलं, हात टणक झाला, तर सर्जनना तेव्हाच बोलवा. सकाळपर्यंत वाट बघू नका.

आणि डिस्चार्जआधी पल्स हाताला लागते म्हणून धमनी चालू आहे असं समजू नका. तळहाताच्या कमानीतून उलट आलेल्या रक्तानंही पल्स लागते. पुन्हा तीच परीक्षा करा: अल्नर दाबा, अंगठ्याची लाट बघा. सपाट निघाली आणि काही तासच झाले असतील, तर हेपरिन टाळायचं कारण नसल्यास ते देऊन एक तास अल्नर दाबून ठेवा. वाढलेला प्रवाह कोवळी गुठळी पुष्कळदा वाहवून नेतो. दुसऱ्या दिवशी हीच युक्ती बरीच कमी चालते, म्हणून ही तपासणी वॉर्डच्या यादीत बँड काढण्याच्या ओळीखालीच लिहून ठेवा.